दहा नंबरची सुई

वत्सलाबाई मारायच्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं लोकरीचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं पिको-फॉलचं. मधे प्लायची पातळ भिंत. त्यामुळे बारा वर्षं त्यांच्या दुकानातला शब्द न् शब्द मी ऐकत आले. दुपारी दोन ते पाच बायका विणकाम शिकायला यायच्या. सुयांची टकटक चालायची, गप्पा चालायच्या आणि मधेच 'सट्' असा आवाज यायचा. तो दहा नंबरच्या सुईचा. कुणाचा टाका सुटला की बाई मांडीजवळची ती लांब लोखंडी सुई उचलायच्या आणि तिच्या बोटांच्या पेरांवर एक ओढायच्या. मग ती नवी सून असो, नातवंडांची आजी असो, नाहीतर शाळेतली मास्तरीण. मार खाणारी 'आई गं' करायची, बाकीच्या खिदळायच्या आणि मी इकडून ओरडायचे, "मिळाला का प्रसाद?" आज ते आठवून लाज वाटते, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमच्याकडे लोकर घालण्याएवढी थंडी पडते कुठे, असं कुणी विचारेल. दीड महिना पडते, पण दुकान त्यावर चालत नाही. ते चालतं बाळंतविड्यावर. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं की माहेरून स्वेटर, टोपडं, मोजे, कुंची, दुपटं असा सगळा संच जायला हवा, आणि तो घरच्या हाताने विणलेला असेल तर विहीणबाईंचं तोंड बंद. तयार संच कल्याणला ढिगाने मिळतात, पण विहिणी उलटा करून टाके बघतात. वत्सलाबाईंकडे शिकलेल्या बाईचा स्वेटर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखा साफ असायचा. म्हणून बायका मार खाऊनही त्यांच्याकडेच यायच्या.

बाईंचं सासर उंबरमाळीच्या बाजूला. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि हाताला येईल त्याने मारायचा, एकदा चिमट्याने, एकदा सायकलच्या चेनने. चेनचा वळ अजून मानेवर आहे, पदर सरकला की दिसतो. एक दिवस बाई ओट्यावर विणत बसल्या होत्या. त्याने येऊन केस धरले. बाईंनी हातातली सुई त्याच्या तळहातातून आरपार घातली, अर्धवट स्वेटर काखेत मारला आणि मिळेल त्या गाडीने निघून आल्या. ही गोष्ट त्या रंगून सांगायच्या. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "माणूस एकतर मारतो, नायतर मार खातो. तिसरा मी नाय बघितला गो." आम्ही माना डोलवायचो. आम्हाला तो मोठा शहाणपणा वाटायचा.

गेल्या पौषात सोनाली आली. धसईच्या पुढच्या गावातली सून, बावीस-तेवीस वर्षांची, अंगाने काटकुळी. तिच्या नणंदेला सातवा महिना लागला होता आणि बाळंतविडा घरचाच हवा असं सासूने ठरवलं होतं. नवरा पंकज इथल्याच एका कंपनीत कंत्राटी कामगार. दुपारच्या पाळीला जाताना तो तिला गाडीवर मागे बसवून आणायचा, दुकानाच्या पायरीवर सोडायचा, आणि पाचच्या बसने ती परत जायची.

तिसऱ्या दिवशी तिचा टाका सुटला. बाईंनी सुई उचलली. सोनालीने हात मागे घेतला नाही की डोळे मिटले नाहीत. हातातलं विणकाम खाली ठेवलं, उजवा हात पदराखाली घेतला आणि डावा पुढे केला.

"याच्यावर मारा, बाई. उजव्यानं भाकऱ्या करायच्या हायेत."

बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. बाईंनी त्या डाव्या हातावर सुई ओढली आणि कौतुकाने म्हणाल्या, "ही पोरगी मजबूत हाय. ही शिकेल." आमच्यापैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की कुठला हात पुढे करायचा हे या पोरीला इतकं चटकन कसं सुचलं.

शिकली मात्र ती झपाट्याने. पंधरा दिवसांत सुलट-उलट बसलं, महिन्यात जाळीची वीण आली. पिवळ्या लोकरीचा इवलासा स्वेटर तिने मुंढ्यापर्यंत आणला. बाई दुसऱ्यांना दाखवायच्या, "हे बघा, याला म्हणतात हात." सोनाली हसायची तेव्हा पुढच्या दाताचा तुकडा उडालेला दिसायचा. हातपंपावर पडले, म्हणाली होती. आम्ही तेही ऐकून घेतलं.

मग तो सोमवार आला. बाईंनी स्वेटर उजेडात धरला आणि खाली, बॉर्डर संपते तिथून चौथ्या ओळीत, त्यांना एक सुटलेला टाका दिसला. क्रोशाची सुई घालून तो वर उचलता आला असता. मला विणकामातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं. दुसरं कुठलंही दुकान असतं तर उचललाच असता. बाईंचा नियम वेगळा. खाली चुकलं की वरचं सगळं गेलं.

"काढ सुई," बाई म्हणाल्या. "उसवायचं."

"आज नको, बाई." सोनाली पहिल्यांदाच उलट बोलत होती. "घरी सासू वीत लावून बघते. कालच्यापेक्षा कमी दिसलं तर..."

"तर काय?"

"नाय. काय नाय."

"सासूला सांग, वत्सलानं उसवलं. काय बोलायचं ते मला येऊन बोल म्हणावं." आणि बाईंनी स्वतःच सुई ओढून काढली आणि धागा खेचला. महिन्याचं काम पाच मिनिटांत गेलं. मी पाणी प्यायला दारात आले होते, मला सगळं दिसत होतं. सोनाली त्या सुटत्या धाग्याकडे बघत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, भीती होती. मी ती पाहिली. पाहिली आणि आत जाऊन एका साडीला फॉल लावला. कुरळी झालेली लोकर पिशवीत कोंबून ती पाचच्या बसला गेली.

मंगळवारी ती आली नाही, बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. बाई रोज म्हणायच्या, "रुसली असेल. येईल."

शुक्रवारी आली. पंकजच्या गाडीवर मागे बसून, उजव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टर. गाडी कशीबशी उभी करून पंकज दुकानात घुसला. पहिली लाथ काउंटरच्या काचेवर बसली. मग त्याने लोकरीचा अख्खा रॅक धरून खाली ओढला. बायका किंचाळत बाहेर पळाल्या.

"माझ्या बायकोची बोटं तोडतेस?" तो ओरडत होता. "सगळं मार्केट बोलतंय, तू बायकांना मारतेस. आज तुला दाखवतो."

त्याने बाईंचा अंबाडा धरला आणि डोकं फळीवर आपटलं. एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळी कपाळ फुटलं. तोवर बाईंच्या हाताला ती सुई लागली होती. त्यांनी ती त्याच्या मांडीत घातली, चांगली चार बोटं आत. पंकज गुरासारखा ओरडला आणि त्याने बाईंच्या तोंडावर बुक्की मारली. बाई काचांवर पडल्या. मी माझा कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन आत गेले आणि त्याच्या पाठीत हाणला. तो वाकला, तेव्हा पुन्हा हाणला. तिसरा फटका द्यायची गरज नव्हती, तरी दिला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? सोनाली पायरीवर भिंतीला चिकटून उभी होती. तिने डोळे घट्ट मिटले होते.

पोलीस स्टेशनला आम्ही सगळेच गेलो. बाईंच्या कपाळाला माझ्या पदराची पट्टी, पंकजच्या मांडीत अजून सुई तशीच. त्याला दोन शिपायांबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि हवालदारबाईंनी जबाब घ्यायला सुरुवात केली. त्या शांत होत्या. एकेका बाईला समोर बसवून विचारत होत्या.

"वत्सलाबाई मारतात?"

"मारतात, पण ते आपलं... शिकवायला."

"कशाने मारतात?"

"सुईने."

"कुठे?"

"बोटांवर."

पाच जणींनी हेच सांगितलं. सहावी मी. "मारतात का?" मी म्हणाले, "हो." दुसरं काय सांगणार? पण मग कागदावर ते लिहिलेलं बघितलं. बारा वर्षं ज्याला आम्ही हसत होतो ते तसं, नुसत्या शब्दांत, भयंकर दिसत होतं. वत्सलाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. शिकवणीतल्या बायका खाली मान घालून बोलत होत्या, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मला वाटतं, आपण लाडाने मारतो आणि यांना ते आवडतं, अशी त्यांची खात्री होती. ती त्या बाकावर एकेक जबाबागणिक सुटत गेली.

"मी मारते," त्या मधेच म्हणाल्या. "लिवा. पण हिची बोटं मी नाय तोडली."

त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? पंकजने खोटं बरोबर जागा बघून पेरलं होतं. आता सगळं सोनालीच्या तोंडावर होतं. ती नवऱ्याचं खरं म्हणाली असती, तर बाई आत गेल्या असत्या आणि ती त्याच गाडीवर बसून घरी गेली असती.

हवालदारबाईंनी तिच्या माहेरी फोन लावला होता. डोळखांबकडच्या पाड्यावरून तिची आई हिराबाई यायला अडीच तास लागले. आली ती शेतातल्या धुळकट पायांनीच. लेकीचं प्लास्टर बघून ती तिच्या शेजारी जमिनीवर बसली. पंकज अजून दवाखान्यातच होता. आईचा खांदा अंगाला लागला आणि सोनालीला वाचा फुटली.

"बाईंनी नाय तोडली. यानं तोडली," ती म्हणाली. "घरी गेले तर पिशवीत नुसती लोकर. सासू बोलली, महिनाभर काय केलंस? हा बोलला, विणत नव्हतीस तर मुरबाडला कुणाला भेटाय जात होतीस? मी सांगितलं, बाईंनी उसवलं. तर बोलला, बनलेला स्वेटर कोण उसवतं? मग दाराच्या फटीत माझी बोटं धरली नि दार लावलं. दोनदा लावलं." ती थांबली. "नि बोलला, आता सांग सगळ्यांना, बाईंनी मारलं."

हिराबाईने डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. हवालदारबाई लिहीत होत्या, त्यांचं पेन कागदावर जोरात दाबलं जात होतं.

वत्सलाबाई उठल्या. त्यांचा ओठ सुजला होता, बोलताना रक्त येत होतं. "मी उसवलं," त्या म्हणाल्या. "एक टाका होता गो. एक. उचलता आला असता मला." मग त्या रडायला लागल्या. बारा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तशाच रडत त्या सोनालीजवळ गेल्या. "तू माझ्याकडं चल. दुकानावर माळा हाय, तिथं राहा. बोटं बरी झाली की तुला सगळं शिकवते, दुकान तुझ्या नावावर करते. तुला कोण हात लावतो तेच बघते मी."

असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. सोनालीने झटकन डोकं खाली घातलं आणि प्लास्टरचा हात कपाळावर आडवा धरला.

बाईंचा हात तसाच वर राहिला.

"तुमच्याकडं नाय येत, बाई," सोनाली हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट बाईंना वाईट वाटू नये म्हणून ती जपूनच बोलत होती. "तुमीपण मारता."

संध्याकाळच्या शहापूरच्या गाडीने हिराबाई लेकीला घेऊन गेली. पंकजवर केस झाली आहे, बाईंवरही झाली आहे, माझ्यावरही. तारखा पडताहेत. नणंदेला मुलगी झाली आणि बाळंतविडा कल्याणहून तयार आणला असं ऐकलं. सोनालीची दोन बोटं वाकत नाहीत. मुरबाडला ती पुन्हा आली नाही.

त्या दिवशी स्टेशनवरून मी आणि वत्सलाबाई चालतच दुकानाकडे निघालो. बाजार भरलेला होता, लोक आमच्याकडे वळून बघत होते. पोस्टाच्या वळणावर बाई थांबल्या.

"संजीवनी, मी त्याच्यासारखी मारत होते का गो?"

"नाही," मी लगेच म्हणाले. मला कशाचंही उत्तर द्यायला वेळ लागत नाही, सगळी गल्ली म्हणते.

आम्ही चालू लागलो. भाजीवाल्यांची रांग संपली, दुकानाचं शटर दिसायला लागलं, तेव्हा मी पुन्हा तोंड उघडलं.

"हो," मी म्हणाले. "आणि मी हसत होते."

बाईंनी मान हलवली, दुकानाशी पोचल्यावर खाली बसल्या आणि पायरीवरच्या काचा वेचू लागल्या.