बदल क्रमांक एक

खुडबुडीच्या खुर्चीला चाकं आहेत आणि त्या चाकांनी लादीवर दोन चरे पाडलेत. एक टेबलापासून पॉलिशच्या मोटरीपर्यंत, दुसरा टेबलापासून खिडकीपर्यंत. पहिला चरा कामाचा. दुसरा नुसताच.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती सोळा वर्षं कवळ्या करते. पुढे डॉक्टर माप घेतात, मागे ही मेणात दात बसवते, केसभर इकडे, केसभर तिकडे. पेशंट आरशात बघून म्हणतो, "अहो, हे तर माझेच वाटतायत." तोवर ही खिडकीपाशी पोचलेली असते. कौतुकसुद्धा तिला उभ्याउभ्याच ऐकता येतं.

वय अडतीस. लग्न केलं नाही. "बोलणी करायला तासभर बसावं लागतं ना," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खुडबुडी हे नाव आईनंच ठेवलंय. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं.

घरी ती जी खुडबुड करते तिची गोष्ट वेगळी. ती लहान असताना एक व्हिडिओ गेम निघाला होता. तळहाताएवढं यंत्र, मागून खोचायची कॅसेट. गवतातून चालायचं, गवतातून एखादा राक्षस टुणकन समोर येतो, त्याला दमवायचं, पकडायचं, नाव ठेवायचं, पाळून मोठा करायचा. असे दीडशे राक्षस. काढणाऱ्या कंपनीनं तो खेळ कधीच मागे टाकला, पण लहानपणी खेळलेल्यांनी टाकला नाही. त्यातलेच काही वेडे मूळ खेळाचा सांगाडा उघडून बसतात. चुका काढतात, नवे रस्ते घालतात, आणि ज्यांच्याकडे मूळ खेळ आहे त्यांना आपली दुरुस्ती फुकट वाटतात. खुडबुडी सहा वर्षं अशी एक सुधारित आवृत्ती करत होती. ती रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. चारशेच्या वर माणसं वाट बघत होती.

आता राहिली होती फक्त यादी. काय बदललं आणि का बदललं, याची. दोनशे तेरा बदल आणि दोनशे बारा कारणं. पहिल्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: 'खेळ सेव्ह करायला एकाऐवजी बारा जागा.' कारणाचा रकाना कोरा.

"अगं, लिही काहीतरी," खेळ तपासणाऱ्या गणिताच्या बाई फोनवर म्हणाल्या. त्या शाळेत शिकवतात आणि फोनवरही शिकवतात. "सोयीसाठी, असं लिही."

"सोयीसाठी तीन पुरतात."

"मग बारा का केल्यास?"

"बाई, मोटर चालू आहे, ऐकू येत नाही," खुडबुडी म्हणाली. मोटर बंद होती.

कारण तिला पक्कं ठाऊक होतं. ते सत्तावीस वर्षं जुनं होतं आणि फक्त तिलाच ठाऊक होतं.

ती अकरा वर्षांची होती, दादा चौदाचा. कॅसेट एक, आणि कॅसेटमध्ये सेव्ह करायची जागाही एकच, आतल्या छोट्या बॅटरीवर टिकणारी. ती दादाची. दादानं सगळी उन्हाळ्याची सुटी घालून सहा राक्षस असे तयार केले होते की चौकातल्या खेळण्यांच्या दुकानातल्या स्पर्धेत तोच पहिला येणार, हे दुकानदारही बोलून चुकला होता. स्पर्धेच्या तीन दिवस आधी दादा केस कापायला गेला. खुडबुडीला एकच बघायचं होतं. खेळाच्या सुरुवातीला तीन पिल्लांतलं एक निवडायचं असतं. दादानं दिवटी घेतली होती. दुसरं पिल्लू खवल्या, तो ओरडतो कसा, हे तिला ऐकायचं होतं. तिनं 'नवा खेळ' लावला. खवल्या ओरडला. बेडकासारखा. मग रोज दादाच्या शेजारी बसून बघितलेलं जे होतं ते अंगठ्यानं आपोआप केलं. सेव्ह. जुना खेळ पुसायचा का, या प्रश्नावर हो. झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक मार खाऊन सुटली असती. पण तिला सगळं पुसायची खूण माहीत होती, तीन बटणं एकदम दाबायची. तिनं खवल्याही पुसला, म्हणजे कॅसेट अगदी कोरी. दादा केस कापून आला तेव्हा म्हणाली, "कॅसेटची बॅटरी गेली वाटतं. काहीच राहिलं नाही त्यात."

दादानं कॅसेट काढली, फुंकली, लावली. परत काढली, परत फुंकली. स्पर्धेला गेला नाही. आठवड्यानं यंत्र तिच्याकडे सरकवलं. "घे. मला नको आता."

आणि इथे ती खरी अडकली. बॅटरी गेलेल्या कॅसेटमध्ये काही सेव्ह होत नाही. खोटं टिकवायचं तर खेळ साठवायचा नाही. त्यामुळे खुडबुडी रोज पहिल्यापासून खेळली, दोन तास, मग यंत्र बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गाव, तोच म्हातारा, तीच तीन पिल्लं. चार वर्षं. दादा शिकायला दुसऱ्या गावी गेला तरीही तिनं कधी सेव्ह केलं नाही. सवय झाली होती की शिक्षा, तिचं तिलाही सांगता येत नाही. पण त्या पहिल्या दोन तासांतली एकूण एक चूक तिला पाठ झाली. कुठलं झाड भिंतीत घुसलंय, कुठला माणूस एकच वाक्य दोनदा बोलतो. सुधारित आवृत्तीचं बी तिथलं.

दादाचं काय झालं? दादा एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदींच्या खोलीत लागला आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवणारा माणूस झाला. छत्र्या दोन. घराच्या किल्ल्या पाच. महिन्याच्या एक तारखेला घरातल्या सगळ्या घड्याळांच्या बॅटऱ्या बदलतो, चालत्या असल्या तरी. वहिनी म्हणते, "माझीही एक प्रत ठेवली असती यांनी, मीच नको म्हटलं." सगळे हसतात. खुडबुडी उठून पाणी प्यायला जाते.

शनिवारी सकाळी दादा आईला घेऊन दवाखान्यात आला. आईची कवळी मेणावर बसवून बघायची होती. डॉक्टर पुढे एका रडणाऱ्या पोराच्या दाढेत गुंतलेले, म्हणून आई मागच्याच खोलीत बसली.

"हे दात फार पांढरे आहेत. मी काय नटी आहे?"

"आई, हे नुसतं बघण्यापुरतं आहे. तोंड उघड."

"आणि ही खुर्ची पळते."

"माझी आहे ती. तू त्या स्टुलावर बस."

खुडबुडीनं मेणावरचे दात आईच्या तोंडात बसवले. "आता हळूच चाव आणि तसंच धर. बोलू नकोस, मेण हलेल."

आईनं धरलं. चाळीस वर्षांत प्रथमच ती मुलांसमोर गप्प बसली होती आणि ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

दादानं बॅगेतून एक डबी काढली. डबीत पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात आईच्या कपाटात पडून असलेली ती कॅसेट. कोपरा उडालेला, वरचं चित्र अर्धं निघालेलं.

"उद्या तुझा खेळ येतोय ना," दादा म्हणाला. "म्हटलं हिला नवी बॅटरी घालून तुला द्यावी. घड्याळवाल्याकडे नेली. त्यानं उघडली, मापली आणि मलाच वेड्यात काढलं."

"का?" खुडबुडी खिडकीपाशी होती.

"म्हणाला, साहेब, ही आतली मूळची बॅटरी आहे. कधी बदललेली नाही. आणि अजून चालू आहे." दादानं कॅसेट टेबलावर, दोन कवळ्यांच्या मधे ठेवली. "आज चालू आहे, तर तेव्हा कशी गेली होती गं?"

तो सहज विचारत होता. घड्याळवाल्याचंच चुकलं असेल, अशा आवाजात. तिनं नुसतं "काय की" म्हटलं असतं तर तो घड्याळवाला बदलायला निघाला असता. पण तिला कोरा रकाना दिसला. खिडकीपासून टेबलापर्यंत ती आली, टेबलापासून मोटरीपर्यंत गेली, आणि मोटरीकडे तोंड करून म्हणाली,

"गेली नव्हती. मी पुसला तुझा खेळ."

"काय?"

"खवल्याचा आवाज ऐकायला नवा खेळ लावला. सेव्ह मी नाही दाबलं दादा, अंगठ्यानं दाबलं. मग घाबरून उरलंसुरलं पुसलं आणि बॅटरीचं नाव सांगितलं."

आई स्टुलावर "म्म" असं काहीतरी म्हणाली.

"आई, चाव," दोघं एकदम म्हणाले.

दादानं कॅसेट उचलून उलटी केली. मग हळू बोलला. "अंगठ्यानं दाबलं. म्हणजे तुझ्या अंगठ्याला वेगळं डोकं आहे?"

"नाही."

"मी सत्तावीस वर्षं बॅटऱ्या बदलतोय."

"माहितेय."

"माहितेय? माहितेय म्हणजे बघत होतीस? गेल्या एक तारखेला तूच मला स्टूल धरलंस. वर चढून चालतं घड्याळ काढलं मी. म्हणालीस, दादा, जपून."

ती खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिली.

"ती बोटं थांबव आधी."

थांबवली. दादानं कॅसेट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती डबीत, सगळं नीट बंद केलं आणि म्हणाला, "आईचे दात काढ. आम्ही निघतो."

दात निघाल्याबरोबर आई म्हणाली, "डावीकडचा एक टोचतोय." जाता जाता खुडबुडीच्या टेबलावरून तिनं सुधारित खेळ भरून ठेवलेलं यंत्र उचललं आणि पदराखाली घेतलं. ते दादासाठीच होतं. द्यायचं राहून गेलं होतं.

रविवारी खुडबुडीच्या घरात खुर्चीला चाकं नव्हती, म्हणून तीच फिरत होती. पहिल्या क्रमांकापुढे तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. 'विश्वासासाठी' हे तर तिला वाचूनच कसंतरी झालं. दुपारी दोनला उलट्या मोज्याचा फोन आला. हा बस चालवतो, खेळ तपासतो, आणि एकदा उलटा मोजा घालून आला होता म्हणून हे नाव.

"चारला नक्की ना? मी सुटी टाकलीय."

"नक्की."

"मग आवाज असा का? सगळं तपासून झालंय. मी तीनदा खेळलो, बाई पाचदा. एक चूक नाही."

"एक असतेच."

"अपशकुनी आहेस."

साडेतीनला परत फोन वाजला. दादा. तिनं उचलला आणि खिडकीपाशी गेली.

"आहेस का?"

"आहे."

"सकाळी सहापासून खेळतोय," दादा म्हणाला. "चुका काढायला बसलो होतो. रागानं. एक सापडली नाही दुपारपर्यंत, म्हणून आणखी राग आला. ते झाड भिंतीतून काढलंस."

"हो."

"दिवटी चोविसाव्या पायरीवर पोचली होती माझी. मग आई म्हणाली, मलाही दाखव सुरुवातीपासून. म्हणून तिच्यासाठी नवा खेळ लावला."

खुडबुडीचा हात खिडकीच्या गजावर गेला. "कुठल्या जागेवर लावलास? बारा आहेत. अकरा रिकाम्या होत्या."

"पहिली जागा समोर आली. विचारलं, इथला खेळ पुसून नवा लिहायचा? हो की नाही. बाण कुठल्या शब्दावर उभा असतो तुझ्या खेळात?"

तिनं डोळे मिटले. बाण मूळ खेळात 'हो'वर उभा असे. सहा वर्षांत दोनशे तेरा गोष्टी हलवल्या, तो बाण तिथेच राहिला. बाईंना आणि उलट्या मोज्याला तो कधी नडला नाही, कारण ते जाणकार. ते आधी रिकामी जागा शोधतात. प्रश्नाच्या वाटेलाच जात नाहीत.

"हो वर," ती म्हणाली.

"हो वर. आठ तास गेले माझे."

"दादा, पण तू वाचलं नाहीस का काय विचारतायत ते?"

फोनवर मागे आईचा आवाज आला, "अरे, हा बेडूक कोण?"

"अंगठ्यानं दाबलं," दादा म्हणाला.

ती हसली नाही. हसायचं होतं, पण तो काय म्हणतो त्याची वाट बघायची होती.

"मी अजून रागावलेलो आहे. ते वेगळं. एक तारखेला येऊन तू काढ ती सगळी घड्याळं, मी स्टूल धरतो. पण तो बाण 'नाही'वर ठेव. आत्ता. चारच्या आत."

"चारच्या आत नाही होणार. तपासावं लागेल परत."

"मग थांबव लोकांना."

तिनं फोन कान आणि खांद्यात धरूनच सगळ्यांना कळवलं: अर्धा तास उशीर होईल, एक चूक सापडली आहे. उलट्या मोज्याचं उत्तर लगेच आलं. अपशकुनी. बाईंनी विचारलं, कोणाला सापडली? तिनं लिहिलं, माझ्या भावाला.

मग ती बसली. बाण 'हो'वरून 'नाही'वर आणायला चार मिनिटं लागली, तो सगळीकडे तसाच उभा राहतो ना हे बघायला बावीस. बारा जागा भरल्या, बारा वेळा नवा खेळ लावला, बारा वेळा न वाचता अंगठा आपटला. बाराही खेळ शाबूत राहिले. तेवढा वेळ ती एकदाही उठली नाही. फोन चालूच होता आणि त्यातून आईचं ऐकू येत होतं, "हा डाव्या बाजूला वळतच नाही," आणि दादाचं, "आई, ते बटण सोड आधी, सोड म्हणतो ना."

यादीत दोनशे चौदावा बदल आला: 'पुसण्याच्या प्रश्नावर बाण नाहीवर.' त्याच्या कारणात तिनं लिहिलं, 'क्रमांक एक बघा.' आणि क्रमांक एकच्या कोऱ्या रकान्यात: 'अकरा वर्षांची असताना मी माझ्या दादाचा खेळ पुसला आणि बॅटरीवर ढकललं.'

"दादा," ती फोनमध्ये म्हणाली, "कारण लिहिलंय. वाचून दाखवू? चारशे लोक वाचणार आहेत."

"नाव आहे का माझं?"

"नाही. दादा एवढंच."

"मग राहू दे." त्यानं विचारलं, "ही आई खवल्या घेतेय. नंतर जड जाईल ना तिला?"

"पहिले दोन तास सोपा जातो," खुडबुडी म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. मी तिथवर कधी गेलेच नाही त्याला घेऊन."