नैरोबी साडेतीन तास

मुंबईहून नैरोबीला जायचा बेत करताय? मग तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका. ऐंशीच्या दशकात मी केली आणि अख्ख्या घराला कामाला लावलं. प्रवास माझा नव्हता हो, धाकट्या बहिणीचा, शैलाचा. माझा प्रवास मुलुंड ते सहार विमानतळ आणि परत.

तिचा नवरा प्रकाश आधी मला बघायला आला होता. मरोळच्या कारखान्यात फिटर, म्हणून मीच नाक मुरडलं. शैलाने हो म्हटलं. दोन वर्षांत त्याला नैरोबीत नोकरी लागली आणि आता ती त्याच्याकडे निघाली, एकटी, विमानाने. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू.

तिकिटावर सुटायची वेळ सकाळी नऊ, पोचायची साडेबारा. नकाशावर दोरा ठेवून मोजलं, साडेचार हजार किलोमीटर.

"साडेतीन तास," मी जाहीर केलं. "आपल्याला मालवणला एस.टी.ने चौदा लागतात आणि ही बाई समुद्र ओलांडून दुपारच्या जेवणाला घरी."

शैलाला विमानाची भयंकर भीती. तिला तेवढाच धीर आला. "साडेतीनच ना ताई? मग काढीन कसे तरी."

एकीला पोचवायला आम्ही अकराजण. भाड्याची मेटाडोर पहाटे निघाली, घाटकोपरवरून अंधेरी-कुर्ला रोडला लागली. खड्ड्यांनी कंबर मोडली, पण साकीनाक्यापर्यंत निम्मे घावणे फस्त.

सहारला दाराशीच आईने शैलाच्या हातावर दही घातलं, ओटी भरली. मागची रांग खोळंबली. रांगेत एक गुजराती आजी होत्या, नैरोबीच्याच. मी ऐटीत म्हटलं, "साडेतीन तासांत पोचाल ना?"

त्या हसल्या. "नाही बेन, सहा तास. तिथलं घड्याळ अडीच तास मागे असतं."

शैला तोवर काचेपलीकडे गेली होती. तिने वळून बोटांनीच विचारलं, साडेतीन ना? मला सहा बोटं दाखवता आली असती. पण तिची ती नवी साडी, ती परदेशी बॅग. म्हटलं, जा, तुझं तुला कळू दे. मी तीन बोटं वर केली आणि चौथं अर्धं दुमडलं. ती हसून आत गेली.

घरी आलो, साडेबाराला पानं घेतली. "पोचली गं बाई," म्हणत आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र अर्ध्या पानावरून उठले. तीन वाजेपर्यंत घड्याळ बघत बसले.

महिन्याने पत्र आलं, सोबत बंगल्यापुढचा फोटो. माझ्या पुन्हा पोटात दुखलं. शेवटी लिहिलं होतं, "माझ्या घड्याळात साडेबारा झाले तेव्हा खिडकीतून बघितलं तर खाली नुसतं पाणी. वाटलं, विमानच वाट चुकलं. उतरेपर्यंत रडत होते. ताईचं चुकलं असेल, असं मनातसुद्धा आलं नाही."

पुढे सुट्टीवर आली तेव्हा तीच हसत म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत होतं गं."

मी म्हटलं, "नव्हतं ना."