पाण्याचं तापमान

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर आईच्याही आधी मी बाबगोंडा चौगुले सरांचं नाव घेईन. महिन्यापूर्वी त्यांचा भाचा साताऱ्याला माझ्या शाळेत आला, पायरीवर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा गेलं." मी वर्ग तसाच सोडून बाहेर आलो...

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात सर अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, विज्ञान शिकवत. ग्रह तराजूत घालता येत नाही, तरी त्याची घनता काढता येते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ग्रहाचा चंद्र किती लांब आहे आणि एका फेरीला किती वेळ घेतो, यावरून ग्रहाचं वस्तुमान. दुर्बिणीत दिसणाऱ्या रुंदीवरून आकारमान. मग एकाला दुसऱ्यानं भागायचं. पृथ्वीचं गणित त्यांनी मला फळ्यावर करायला लावलं. त्रिज्येच्या जागी मी व्यास घेतला आणि पृथ्वी आठपट हलकी झाली, पाण्याहूनही हलकी. सर हसले नाहीत. "शनी पाण्यावर तरंगंल, हे खरं हाय. ह्या गड्यानं पृथ्वीच तरंगवली! एवढी हलकी हाय, तर उचल की रं जरा." मैदानाच्या कडेला व्यायामाचा काळा दगड होता. तो डोक्यावर धरून मी उन्हात उभा राहिलो. खिडकीतून सगळा वर्ग "तरंग्या, तरंग्या" ओरडत होता आणि सरांनी कुणालाही गप्प केलं नाही. शेवटी दगड निसटला आणि पायाच्या अंगठ्याचं नख घेऊन गेला. ते आजही वाकडंच उगवतं.

आई मला घेऊन शाळेत गेली. "आवं सर, पोराचा पाय सुजलाय."

"पायच सुजला व्हय? डोस्कं सुजाय पायजे व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रविवारी खोलीवर ये. जेवून ये, हितं काय मिळायचं न्हाई."

मॅट्रिक होईपर्यंत मी दर रविवारी गेलो. बुध, शुक्र, पृथ्वी एवढे घट्ट का, गुरू-शनी अवाढव्य असून हलके का, पाणी तापलं की त्याची घनता का घटते, हे त्या खोलीत उलगडत गेलं. चुकलं की पट्टी. जमलं की सर न बोलता पुढचं गणित घालत. "बरोबर" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. सांगलीला बी.एस्सी. झालो तेव्हा पेढे घेऊन धावलो, ते त्या एका शब्दासाठी. सरांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पहिला वर्ग का न्हाई?"

शेवटची भेट सांगलीच्या दवाखान्यात. हातापायांच्या काड्या आणि पाणी भरून ताणलेलं पोट. "बघ, शनी झालोय. दिसाय मोठा, आत काय न्हाई." मला हुंदका आला. "रडू नगं. बुधाला चंद्र न्हाई, मग त्याचं वस्तुमान कसं काढलं?" एक यान अलीकडेच त्याच्याजवळून गेलं, ते किती वळलं त्यावरून, असं मी सांगितलं. "आणि त्याच्या आधी?" "दुसऱ्यांना तो किती ओढतो त्यावरून." सर छताकडे बघत म्हणाले, "मला बी चंद्र न्हाई."

"मी आहे की, सर."

"तू? तू तरंग्या." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

परतताना मी गावात उतरलो. तो दगड तिथंच पडलेला होता. त्याचा एक कपचा काढून साताऱ्याला आणला, आणि आठवड्याभरात सरांना पत्र टाकलं. भाच्यानं ते त्यांना वाचून दाखवलं. डोळे न उघडता त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "पाण्याचं तापमान लिवलं न्हाई गाढवानं." ते त्यांचे शेवटचे शब्द, असं भाचा म्हणाला.

पत्र असं होतं :

"गुरुवर्य सरांना साष्टांग नमस्कार.

व्यायामाच्या दगडाची घनता काढली. कपचा आधी हवेत तोलला, मग दोऱ्यानं बांधून पाण्यात. वजन किती घटलं त्यावरून हिशेब केला. त्रिज्या-व्यासाचा प्रश्नच ठेवला नाही. उत्तर पाण्याच्या सुमारे २.९ पट. पृथ्वीची सरासरी साडेपाच पट. म्हणजे वर आपल्या हाताला लागतो त्या दगडाहून पुष्कळ जड काहीतरी तिच्या पोटात असलं पाहिजे. नुसता दगड बघून ते कळत नाही.

चूक असल्यास कळवावे.

आपला,
तरंग्या"