अक्कांची चूल आणि माझं आतडं

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो थोरल्या जाऊबाईंचा. अक्कांना का नाही?

या आजारात मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळी घालून आतडं बघतात त्या तपासणीत, माझ्या जखमा दिसल्या होत्या. औषध लागू पडलं नाही तर आतडं काढावं लागेल, असंही ते म्हणाले. तेरला, आमच्या गावी, परतताना बसमध्ये मी रडले, ती भीतीनं कमी आणि जळफळाटानं जास्त. अक्का ठेचा-भाकरी खाऊन ढाराढूर झोपणार आणि मी मऊ भात गिळत बसणार.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, माझ्याच वाट्याला का? नेमकं कारण सांगता येत नाही, म्हणाले. मग समजावत राहिले. आपलं शरीरच कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू अगदी किंचित तयार करतं. आतड्यात त्याचा अँटिऑक्सिडंट परिणाम होतो, म्हणजे सुजेमुळं पेशींची होणारी नासाडी तो थोपवतो, असं प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलंय. बाहेरून घेतला तर मात्र तो विष. चुलीच्या धुरात असतो तो हाच.

त्यांच्या बोलण्यातलं 'विष' तेवढं मी दवाखान्यातच सोडलं आणि 'चूल' तेवढी डोक्यात घेऊन घरी आले. अक्का जन्मभर सपरातल्या, म्हणजे घरालगतच्या छपरातल्या, चुलीपुढं, मी लग्न होऊन आले ती गॅसपुढं. म्हणजे ही बाई इतकी वर्षं फुकटात औषध घेत होती!

सकाळी भाकरी उरकून अक्का रानात गेल्या. मी सपराचं दार लावून निखाऱ्यांपुढं बसले. आधी डोकं ठणकलं, मग मळमळलं, मग उठताच येईना. विळा विसरला म्हणून अक्का परतल्या, म्हणून मी हे लिहितेय.

ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टर चिडले. "हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. जीव गेला असता." तुम्हालाही हा आजार असेल तर माझ्यासारखं करू नका, गोळ्या घ्या.

अक्कांना मी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"माझ्या पोटावर जळत हुतीस व्हय? मग आजपासनं तुझं जे जेवण, तेच माझं."

आतडं वाचलं, जखमा भरत आल्यात. अक्का अजून माझ्यासोबत बिनतिखटाचा भात खातात, ठेच्याचं नावही काढत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर माझ्यानं ठेचा सुटला नसता. आता मला हेवा वाटतो तो अक्कांच्या या मनाचा.