मीटरबाईंची फेरी

“कोल्ह्यांच्या गळ्यात पट्टे बांधता, तसं आईच्या हातात घड्याळ बांधलंत. आता पिंजरा तेवढा राहिलाय, वहिनी,” नणंद म्हणाली.

“पिंजरा तुझ्या दादाला हवाय. कुलूपवाल्याला मी नाही बोलावलं.”

“मग काय करू?” नवरा भडकला. “परवा पुन्हा हमरस्त्यावरून आणलं तिला. एखाद्या दिवशी ट्रकखाली येईल, मग बसा गोल काढत.”

कुलूपवाला संध्याकाळी येणार होता, दाराला बाहेरून कडी-कुलूप बसवायला. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या सासूबाई तिथेच, चपला घालून, खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. मधेच उठायच्या, दाराची कडी चाचपायच्या, परत येऊन बसायच्या. उभी हयात त्यांनी घरोघर विजेचे मीटर वाचण्यात घालवली. सगळे त्यांना मीटरबाईच म्हणत. निवृत्तीनंतर एकेक गोष्ट निसटत गेली. सुनेचं नाव गेलं, जेवलो की नाही ते आठवेना. पायाची भिंगरी तेवढी सुटली नाही.

सून वन खात्यात आकडेवारीचं काम करायची. पट्टा बांधलेला कोल्हा कुठे कुठे गेला ते आर नावाच्या संगणकाच्या भाषेत ठिपक्यांनी मांडायचं, बीळ मध्यभागी धरून वर्तुळ काढायचं आणि जनावर किती लांब जातं ते साहेबांना सांगायचं. सासूबाईंच्या घड्याळातूनही अशाच जागा कळायच्या. घर मध्यभागी धरायचं, आई वर्तुळाबाहेर गेल्या की फोन वाजेल, मग कुलूप कशाला, असा तिचा हिशेब. नवऱ्याला तो पटत नव्हता.

नणंदेने लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. “हे वर्तुळ? हे तर अंडं आहे.”

“आडवं आणि उभं माप सारखं ठेवायचं राहिलं.” सुनेने दुरुस्ती केली. अंडं गोल झालं, आणि तिचा हात तिथेच थांबला. सगळे ठिपके एकाच अंगाला होते. बाजार, बाग, दवाखाना ज्या बाजूला, तो अर्धा गोल अगदी कोरा. वाट चुकलेलं माणूस रोज एकाच बाजूला कसं चुकेल?

ती उठली, पाणी प्यायली, खिडकीपर्यंत जाऊन आली. सासूबाईंसारखंच तिचंही बूड टेकेना. मग तिने वर्तुळ पुसून टाकलं आणि ठिपके वेळेच्या क्रमाने जोडले, दर दिवसाला वेगळा रंग. रेघा घरातून निघून एकमेकींवर पडल्या. तीच गल्ली, तेच वळण, आणि हमरस्त्यापाशी, नवऱ्याची स्कूटर जिथे गाठायची तिथे, सगळ्या तुटलेल्या. एक हिरवी रेघ मात्र रस्ता ओलांडून पलीकडच्या वसाहतीत शिरली होती. दारोदार थांबत, वळसा घेऊन ती परत घरी आली होती.

“हा कुठला दिवस?” नवऱ्याने विचारलं.

“मागचा रविवार. मी दौऱ्यावर होते. तुम्हाला वाटलं आई हिच्याकडे आहेत, हिला वाटलं तुमच्याकडे.”

भाऊ-बहीण एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. त्यांचं बोट हिरव्या रेघेवरून सरकत एका वळणाशी थांबलं. “इथे कुत्रं आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या दाराने जायचं.”

“त्या वसाहतीतले मीटर आईच वाचायची,” नणंद हळूच म्हणाली. “लहानपणी सुट्टीत मला न्यायची.”

“एकदा धड परत आली म्हणून रोज येईल का?” नवरा अजून हेका सोडेना. “रस्ता तोच, ट्रक तेच.”

“नाही येणार,” सून म्हणाली. “म्हणून त्यांना एकटं नाही सोडायचं.”

सासूबाई पुन्हा दाराशी गेल्या. सुनेने लॅपटॉप मिटला.

“कुलूपवाल्याला येऊ नको म्हणून सांगा. उद्यापासून सकाळची फेरी मी आईंबरोबर करणार. रविवारी तू जायचंस. आणि तुम्ही, सकाळचा स्वयंपाक आणि डबे आजपासून तुमच्याकडे.”