मोलगीला तलंगा आणायला गेलो

इंदूने आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मेलेल्या कोंबड्या वेचायचं. रोजचंच होतं ते. उजाडलं की बादली घेऊन शेडमध्ये शिरायचं, ती डाव्या अंगाने, मी उजव्या. त्या दिवशी अकरा निघाल्या. बारावी जिवंत होती, पण अंगात मांस इतकं भरलेलं की पायावर उभी राहीना. इंदूने तिला उचलून पाण्याजवळ नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "आते बस झाय हाई. पुढली बॅच लेऊ नका. पाय शेतस, पन उभं ऱ्हावाले येत नही." (आता हे पुरे. पुढची बॅच घेऊ नका. पाय आहेत, पण उभं राहता येत नाही.)

मी ओरडलो, "मंग लोके काय खाशीत? गावठी परवडस का कोनले?" (मग लोक काय खातील? गावठी कोंबडी परवडते का कोणाला?)

तिने बादली उचलली आणि बाहेर गेली. दुपारी भाकरी थापता थापता चुलीपाशी कलंडली. नंदुरबारला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बायकोशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा असा, कोंबडीच्या भावाचा.

आमचं गाव धानोरा. शेड शेतातच आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. जागा, वीज आणि मेहनत आमची. पक्षी मोठे झाले की कंपनीची गाडी येऊन तोलून नेते. शेड झालं तेव्हा कंपनीच्या साहेबाने सांगितलं की आवारात गावठी कोंबडी दिसता कामा नये, रोग येतो. इंदूच्या नऊ कोंबड्या होत्या. तिने त्या भावजयीकडे नेऊन दिल्या आणि परत येऊन हातपाय धुतले. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

ती गेल्यावर आठवड्याने ती बॅच गाडीत गेली, त्यानंतर दोन महिने शेड रिकामं होतं. मग साहेबाचा फोन आला, परवा सकाळी पिल्लं येतील. मी मनात ठरवलं, परत पाठवायची. मोलगीच्या बाजारातून वीसेक तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणायच्या आणि गावठीच पाळायच्या. तिचं ऐकायचं.

मुलगा दिलीप म्हणाला, "नाना, शेडचं कर्ज आहे अजून."

"मला माहीत आहे," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

नंदुरबारहून एस.टी.ने तापीचा पूल ओलांडला. पात्रात सकाळचं धुकं होतं. तळोद्यापर्यंत ऊस, केळी, पपई, सगळी आमच्यासारखी सपाटी. अक्कलकुव्याला उतरलो आणि मोलगीची जीप धरली. आत बारा माणसं, टपावर आणखी सहा. ड्रायव्हर मला म्हणाला, "आप्पा, वर बसतस का? हवा चांगली शे."

"तुन्हा बापले बसाड," मी म्हटलं. सगळी जीप हसली. मला पुढे जागा मिळाली.

घाटात साग उघडे पडलेले होते. वळणावळणाला एखादं घर, एकटंच, कुडाचं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. प्रत्येक अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. मी त्या मोजायला लागलो आणि थोड्या वेळाने सोडून दिलं. एका ठिकाणी कोंबडी पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. ड्रायव्हरने जीप उभी केली. मागून कोणी कुरकुरलं नाही.

मोलगीचा बाजार मोठा. डोंगरातून माणसं पहाटेपासून चालत आलेली. लाल मिरचीचे ढीग, भगर, उडीद, मातीची भांडी. कोंबड्यांचा बाजार एका कडेला. बायका ओळीने बसलेल्या, पुढे बांबूची पाटी, वर जाळी. मी पाट्या बघत गेलो. सगळ्यांत कोंबडे. एकीकडे म्हातारी कोंबडी. तलंग एकही नाही.

एकीला विचारलं तर ती हसली. "तलंग विकली तर अंडं कोण देईल, तू?"

आमच्या सपाटीवरच्या माणसाला हे कळायला हवं होतं. घरातली तलंग म्हणजे पुढच्या वर्षाच्या कोंबड्या. अडल्याशिवाय ती कोणी बाजारात आणत नाही.

ओळीच्या शेवटी एका बाईकडे दोन तलंगा सापडल्या. बाई चाळिशीची, हातात चांदीची जाड कडी. नाव सेगीबाई, हे मागाहून कळलं. मी विचारलं, "किलोचा काय भाव?"

"किलो नाही. नगाने," ती म्हणाली. "हातात घेऊन बघ."

मी जाळीत हात घातला, दोन पाय धरले आणि तलंग उलटी टांगली. आमच्याकडे अशीच धरतात. गाडी भरायच्या वेळी मी एका हातात पाच-पाच घेतो आणि त्या मुकाट्याने लोंबकळतात. ही लोंबकळली नाही. अंग वळवून वर आली आणि माझ्या अंगठ्यावर अशी चोच मारली की रक्त निघालं. सेगीबाईने ती हिसकून घेतली, काखेत दाबली आणि पदराने तिचे डोळे झाकले.

"कंपनीवाला आहे का रे तू?"

"हो. पण ही पाळायला नेतो. दोन्ही दे. मागशील ते देतो."

"तुला नाही देत."

"का?"

"नाही देत."

शेजारच्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, "बाबा, आधी धरायला शिकून ये." मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात एक हॉटेलवाला आला. त्याने पैसे मोजले आणि दोन्ही तलंगा पिशवीत घालून नेल्या.

मला राग आला. म्हटलं, "अगं, तो कापणार आहे! मी पाळणार होतो!"

"कापेल तर एकदाच कापेल," सेगीबाई म्हणाली.

मी तिथून हललो. बाजूला एका दगडावर बसून फडक्यात बांधलेली भाकर आणि मिरचीची चटणी सोडली. दोन घास खाल्ले, पुढे जाईना. समोर बॉयलरचं दुकान होतं. लोखंडी पिंजरा, आत वीस-पंचवीस पांढरे पक्षी एकमेकांच्या अंगावर बसलेले. मी लांबून ओळखलं. त्यांच्या पायाच्या सांध्यावर काळे डाग होते. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहिलं की ते डाग पडतात. तूस रोज खालीवर करावं लागतं. माझ्याकडे ते इंदू करायची. ती गेल्यावर शेवटच्या आठवड्यात कोणीच केलं नाही. त्या बॅचचे पाय असेच काळे होऊन गाडीत गेले. मीच चढवले.

तेवढ्यात सेगीबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन आली आणि त्याच दुकानासमोर उभी राहिली. दुकानदाराने एक पक्षी काढला, तोलला, आत नेला. मला राहवलं नाही. उठून तिच्याजवळ गेलो.

"गावठी विकून हे घेतेस? हे काय असतं ठाऊक आहे का? चाळीस दिवसांत एवढं होतं. उभं राहता येत नाही त्याला. मी वाढवतो, मला विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती. म्हणाली, "पोरं चार आहेत. पाहुणे आलेत. तलंग कापली तर एकेकाला एक फोड येईल. तिच्या पैशात हे दोन वेळ होतं आणि तेलमीठ निघतं. गावठी कोण खातं? मोटारवाले खातात. आम्ही पाळतो, ते खातात."

"पण हे वाईट आहे."

"मग नीट वाढव ना! तूच वाढवतो म्हणतो. आम्ही तर खाणारच." मग माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाली, "हळद लाव त्याला. घरात बाई नाही का?"

"होती," मी म्हटलं.

तिने पाटी खाली उतरवली. दुकानदाराने काळी पिशवी आणून दिली. तिने ती पाटीत ठेवली, कमरेच्या चंचीतून तंबाखू काढला, अर्धा माझ्या हातावर घातला आणि डोंगराच्या वाटेने निघाली. तिचं घर तिथून दोन तास चालत, असं दुकानदार म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर काही नव्हतं. वीस तलंगांसाठी नेलेली जाळी घडी करून पायाखाली ठेवली होती. घाट उतरताना विचार करत आलो. इंदूने त्या पक्ष्याचे पाय बघितले, ते खरंच होतं. मी तिच्यावर ओरडलो तेही खोटं नव्हतं. आमच्याकडे कापूस वेचायला येणारी माणसं रविवारी बॉयलरच नेतात. मी शेड बंद केलं तर ती दुसऱ्याच्या शेडमधलं नेतील, काळ्या पायाचं. पण हे सगळं मला तेव्हा तिला सरळ सांगता आलं असतं. मी ओरडलो. आता कोणापुढे बोलू? सपाटी लागली तेव्हा उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर उभ्या होत्या, आम्ही तासभर अडकलो. घरी पोचलो तर दिलीपने रिकामी जाळी घेऊन खुंटीला अडकवली.

सकाळी गाडी आली. साहेब खोकी उतरवायला लागला. मी म्हटलं, "निम्मी उतरवा. निम्मी परत न्या."

"काका, शेड तीन हजारांचं आहे."

"आता दीड हजारांचं."

"तुमची कमाई निम्मी होईल. हप्ता कसा भराल? कंपनीला काय सांगू?"

"सांगा, म्हातारा एकटा आहे, त्याच्याने एवढीच सांभाळून होतात."

दिलीप दाराशी उभा होता. मला वाटलं आता बोलेल. त्याने निम्मी खोकी मोजून बाजूला लावली आणि उरलेली स्वतः गाडीत परत चढवली. इंदू शेड बंद करा म्हणाली होती. मी बंद केलं नाही. तिचं निम्मंच ऐकलं, हे मला माहीत आहे.

गाडी गेल्यावर गुळाचं पाणी केलं. दरवेळी आम्ही खोकं सरळ उपडं करायचो, पिल्लं एकमेकांवर पडायची, आपली आपण उठायची. त्या दिवशी मी खाली मांडी घातली, एक पिल्लू दोन्ही हातांत धरून काढलं, त्याची चोच पाण्यात बुडवली, ते प्यालं की खाली ठेवलं. मग दुसरं घेतलं. दुपार झाली तरी चार खोकी शिल्लक होती.