फणसाची पेटी

ही गोष्ट मी इतकी वर्षं मुलांनाही सांगितली नाही. आज शेजारी खिडक्या रंगवतायत, टर्पेंटाइनचा वास घरभर झालाय, म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकात मांडवीला घराच्या पडवीतच माझा फर्निचर रंगवायचा धंदा होता. बायकोचे, सुमनचे, वडील वारले म्हणून ती लेकीला घेऊन संगमेश्वरला गेली होती. लग्नात त्यांनी स्वतः करून दिलेली फणसाच्या लाकडाची पेटी आमच्याकडे होती. दरवर्षी येऊन ते तिला खोबरेल चोळायचे. गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना हवा, म्हणून मी ती घासून हिरवीगार रंगवली.

तेराव्यानंतर सुमन परतली. तिने पेटीवर हात फिरवला, मग नाक टेकवलं.

"बाबांचा हात होता हो हिच्यावर."

"लाकूडच ते! बघ कशी चकाकतेय."

"चकाकतेय खरी," म्हणत ती चुलीकडे वळली.

मला वाटलं, विषय संपला. आता ती नाही, रिकाम्या घरात तिचं ते बाबांच्या हाताचं वाक्य तेवढं ऐकू येतं.

तिच्या शेवटच्या आजारात एका दुपारी उशाशी बसून मी धीर केला. "सुमन, ती पेटी..."

"आधी जेवून घ्या, निवतंय," ती म्हणाली.

आणि मी उठून जेवायला गेलो.